पुरावा होता, दुवा नव्हता: सातवीच्या वर्गातलं अनुमानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातवीच्या एका वर्गातलं आहे. मी त्या वर्गाला भाषा शिकवत होते. शाळा आणि मुलं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. तासांत काय झालं ते मात्र त्या वेळी रोज संध्याकाळी लिहून ठेवलेल्या टिपणांवरून मांडलं आहे.

वर्ग वाचनात कच्चा नव्हता. मुलं मोठ्याने वाचताना अडखळत नसत, विरामचिन्हं पाळत, अवघड शब्दांचे अर्थ विचारत. उताऱ्यावर 'कोण', 'कुठे', 'केव्हा' असे प्रश्न आले की भराभर हात वर जात. 'त्याने असं का केलं असेल?' किंवा 'यावरून तिच्याबद्दल काय समजतं?' असं विचारलं की तेच हात खाली. वहीत लिहायला सांगितलं तर उत्तर यायचं, पण मूल त्या उत्तरापर्यंत कसं पोचलं हे वाचून कळत नसे.

पहिले काही महिने मी 'ही मुलं विचारच करत नाहीत' असं म्हणून विषय सोडून दिला. शिक्षकखोलीत हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन. ब्रिटनमधल्या जेन ओकहिल आणि केट केन या अभ्यासकांनी अशा मुलांवर बरीच वर्षं काम केलं आहे: शब्द बिनचूक वाचणारी, पण वाचलेल्याचा अर्थ नीट न लागणारी मुलं. दोन वाक्यांच्या मधली न लिहिलेली जागा भरताना ती मागे पडतात, असं त्यांना दिसलं. अस्खलित वाचतं म्हणजे मुलाला समजतं, असं धरता येत नाही. मी नेमकं तेच धरून बसले होते.

मग मी माझ्याच जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. चौथीच्या मुलांच्या वाचनाची 'पिर्ल्स' ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००१ पासून दर ५ वर्षांनी घेतली जाते. तिच्या आराखड्यात मजकुरात सरळ दिलेली माहिती शोधण्याला सुमारे २० टक्के वाटा असतो. साध्या अनुमानाला ३०, अर्थ जोडून लावण्याला ३० आणि मजकूर पारखण्याला २०. माझ्या प्रश्नपत्रिकांत बहुतेक गुण पहिल्याच प्रकारात होते. जे मी क्वचित विचारत होते, ते मुलांना यावं अशी माझी अपेक्षा होती.

अडचण नेमकी कुठे होती

मी एक छोटा उतारा लिहिला. पुढचे सहा आठवडे तो आम्हाला पुरला, म्हणून इथे पूर्ण देते.

'मुलाने दार हळूच लोटलं. बूट त्याच्या हातात होते. आतल्या खोलीत दिवा चालू होता. आई खिडकीपाशी उभी होती, तिची पाठ दाराकडे. टेबलावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. "हात धुऊन घे," ती न वळता म्हणाली.'

प्रश्न दोनच: मुलाबद्दल काय समजतं? आईच्या मनात काय चाललं असेल? दोन्हींना कारण द्या.

वह्या घरी नेल्या आणि गुण न देता त्यांचे गठ्ठे केले. पहिल्या गठ्ठ्यात नुसता अंदाज: 'मुलगा उशिरा आला.' पुढे पूर्णविराम. दुसऱ्या गठ्ठ्यात उताऱ्यातली नुसती ओळ, जशीच्या तशी उतरवलेली: 'बूट त्याच्या हातात होते.' हे दोन गठ्ठे मोठे निघतील असं मला वाटलं होतं. पण सगळ्यात उंच झाला तो तिसरा. त्यात अंदाजही होता, ओळही होती, दोघांमध्ये 'कारण' हा शब्दही होता. उदाहरणार्थ:

'आई रागावली आहे, कारण टेबलावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं.'

हे वाक्य मी दोनदा वाचलं. आई रागावलेली असू शकते. ताट झाकून ठेवलेलं आहे, हेही खरं. पण झाकलेल्या ताटावरून राग कसा दिसतो? त्यावरून फार तर काळजी दिसते. ओळ उताऱ्यातली होती, तरी या अंदाजाला तिचा काही उपयोग नव्हता. अशी उत्तरं एकदोन नव्हती, गठ्ठाभर होती.

आणि ही सवय मीच लावली होती. 'कारण द्या' असा प्रश्न विचारून उताऱ्यातली कुठलीही ओळ दिसली की मी बरोबरची खूण करत आले होते. मुलांनी माझ्या तपासण्यावरून नियम काढला: ओळ डकवा, गुण घ्या. त्यांचं हे अनुमान पुराव्याला अगदी धरून होतं.

तेव्हा अडचण अशी दिसली. मुलं अंदाज बांधत होती, ओळही शोधत होती. या ओळीवरून हाच अंदाज का निघतो, हा मधला दुवा कोणी मागत नव्हतं, म्हणून कोणी देत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे जास्त उतारे सोडवून घेणं. हाताशी उतारे भरपूर होते आणि पालकांनाही ते 'सराव' म्हणून दिसलं असतं. पण चुकीची सवय घोटली गेली तर ती आणखी पक्की होते, म्हणून तो मी लगेच बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय प्रश्नांचे प्रकार ओळखायला शिकवण्याचा. टॅफी राफेल या अमेरिकन संशोधिकेने १९८०च्या दशकात मांडलेली ही पद्धत आहे. उत्तर एकाच ओळीत आहे, वेगवेगळ्या ओळी जुळवून मिळतं, लेखकाचे शब्द आणि माझी माहिती मिळून तयार होतं, की पूर्ण माझ्यापाशीच आहे, हे मुलांनी आधी ठरवायचं. पद्धत चांगली आहे आणि मी ती पुढे थोडी वापरलीही. पण तिने उत्तर कुठे शोधायचं ते कळतं. सापडलेली ओळ आपल्या अंदाजाला उपयोगी आहे का, हे तिच्यातून आपोआप कळत नाही. माझ्या तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांनी योग्य जागी शोधलं होतंच.

तिसरा, वाक्याचा साचा देणं: 'मला वाटतं ..., कारण उताऱ्यात म्हटलं आहे ...'. चौथा, लेखन पूर्ण थांबवून फक्त चर्चा. चर्चेची मला धास्ती होती. बोलणारी पाचसहा मुलं बोलतात आणि बाकीचा वर्ग त्यांचं उत्तर वहीत उतरवतो, हे मी पाहिलेलं होतं.

मी साचा निवडला. वेळ कमी होता, तपासणं सोपं जाणार होतं आणि मागे पडणाऱ्या मुलांना धरायला काहीतरी हवं होतं. यातली पहिली दोन कारणं माझ्या सोयीची होती, मुलांच्या नव्हे.

पहिला प्रयत्न आणि त्याचं अपयश

दोन आठवडे साचा चालला. वह्या छान दिसू लागल्या. प्रत्येक उत्तरात 'मला वाटतं' आणि 'उताऱ्यात म्हटलं आहे'. पहिले दोन गठ्ठे जवळजवळ संपले आणि तिसरा गठ्ठा फुगला. ताट आणि राग यांची जोडी तशीच होती, आता ती नीटनेटक्या वाक्यात होती इतकंच.

इथे मला विज्ञानाच्या सरांनी मदत केली. मी त्यांना वह्या दाखवल्या. त्यांनी प्रयोगवही उघडून पुढे सरकवली. तिथे दोन रकाने होते: निरीक्षण आणि अनुमान. 'चुन्याची निवळी दुधाळ झाली' हे निरीक्षण, 'वायू कार्बन डायऑक्साइड आहे' हे अनुमान. सर म्हणाले, "माझ्याकडेही मधलं कोणी लिहीत नाही. कार्बन डायऑक्साइड चुन्याची निवळी दुधाळ करतो, हे मुलांना पाठ असतं म्हणून चालून जातं. तुमच्या उताऱ्यात ते पाठ नसतं."

मधलं. हाच शब्द मी शोधत होते.

खरं तर हा मधला भाग न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन तर्कशास्त्रात, फार जुना आणि नेटका मांडलेला आहे. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या पर्वतावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे अग्नी आहे, हे निगमन. माझा साचा या पाचांतल्या पहिल्या दोन अवयवांवर, म्हणजे भागांवर, थांबत होता. धूर आणि अग्नी यांना बांधणारी व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' असा नियम, तिसऱ्या अवयवात असते. तो अवयव मी गाळला होता. विसाव्या शतकात स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही दावा आणि आधार यांना जोडणारा वेगळा भाग आहे. दोन्ही परंपरांनी त्या भागाला स्वतंत्र नाव दिलं, कारण बोलताना आपण तो गिळून टाकतो.

'सहसा'ची रिकामी जागा

वर्गात व्याप्ती हा शब्द वापरायचा नाही, असं मी ठरवलं. त्याऐवजी साच्यात एक जागा वाढवली आणि तिची सुरुवात 'सहसा' या शब्दाने केली.

'मला वाटतं, मुलाला कोणाला कळू न देता आत यायचं होतं. उताऱ्यात म्हटलं आहे, बूट त्याच्या हातात होते. सहसा माणूस बूट हातात घेऊन चालतो तेव्हा पावलांचा आवाज होऊ नये असं त्याला वाटत असतं.'

हे आधी मी फळ्यापाशी उभी राहून मोठ्याने विचार करत लिहिलं. अडखळले, एक वाक्य खोडलं, परत लिहिलं, तेही मुलांसमोर. दुसरं उत्तर आम्ही मिळून केलं, तिसरं त्यांनी जोडीने. तेवढ्यात तास संपला.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने राग आणि ताटाचं उत्तर 'सहसा' लावून लिहायला घेतलं. 'सहसा माणूस रागावला की ताट झाकून ठेवतो.' लिहून झाल्यावर ती स्वतःच थांबली. "बाई, असं कुठे असतं?" मी काही बोलले नाही. तिने ओळ खोडली आणि 'न वळता म्हणाली' ही ओळ घेतली. सहसा रागावलेला माणूस समोरच्याकडे बघायचं टाळतो. हे उत्तर पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं होतं आणि मला एक शब्दही सांगावा लागला नव्हता. कमजोर जोडी 'सहसा' लावून उच्चारली की कानाला खटकते. त्या आठवड्यात तिसरा गठ्ठा पहिल्यांदा बारीक झाला.

एक नवा घोळ मात्र निघाला. काही मुलं वाक्य उलटं लिहू लागली: 'सहसा उशीर झालेला माणूस हळूच दार लोटतो, म्हणून हळूच दार लोटलं म्हणजे उशीर झाला.' यावर न्यायशास्त्रातलंच दुसरं उदाहरण कामी आलं. धुरावरून अग्नी कळतो, पण अग्नीवरून धूर कळत नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. दार हळूच लोटण्याला घरात कोणी झोपलेलं असणं हेही कारण असू शकतं. 'सहसा'ची दिशा पुराव्याकडून अंदाजाकडे असायला हवी, हे सगळ्यांना एका तासात कळलं नाही. काहींना शेवटपर्यंत कळलं नाही.

बिघडलेला तास

हा भाग लिहायला मला सोपा नाही, पण याच्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही.

आईच्या मनात काय आहे यावर बोलणं चाललं होतं. बहुतेकांचं मत 'राग'. मागच्या बाकावरचा, एरवी गप्प असणारा एक मुलगा हात वर न करताच म्हणाला, "आई रडत असेल." वर्गात हसू फुटलं. मी म्हणाले, "एवढं लांब नको जाऊस, उताऱ्याला धरून बोल." तो खाली बसला आणि आम्ही रागाकडे परतलो.

संध्याकाळी त्याची वही हातात आली. त्याने लिहिलं होतं: 'आई न वळता बोलली. पाठ दाराकडे होती. सहसा माणूस तोंड दाखवत नाही तेव्हा डोळे लपवायचे असतात. ताट झाकून ठेवलं म्हणजे वाट बघत होती.'

या उत्तरात साच्यातल्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. रागाच्या उत्तरांनी 'न वळता' ही एकच ओळ वापरली होती. त्याने तीच ओळ घेतली, तिला पाठीची जोड दिली आणि ताटाचाही हिशेब लावला. रागाच्या अंदाजात ताट कुठे बसतच नव्हतं. पुराव्याच्या बाजूने त्याचं उत्तर वर्गातल्या बहुतेकांपेक्षा भक्कम होतं. मी ते मोडीत काढलं, कारण उतारा लिहिताना माझ्या मनात राग होता.

निर्णयाची सगळ्यात महत्त्वाची वेळ हीच होती. गप्प बसता आलं असतं, वहीत 'छान' असा शेरा मारून विषय मिटवता आला असता. मी दुसऱ्या दिवशी तास सुरू करतानाच सांगितलं की काल मी चुकले. त्याच्या परवानगीने त्याचं उत्तर फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, कुठलं अनुमान उताऱ्यातल्या जास्त गोष्टींचा हिशेब देतं? तो त्या तासाला काहीच बोलला नाही. बाकीचे मात्र बोलले.

त्या तासानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे, चर्चा चालू असताना मी 'बरोबर' आणि 'चूक' म्हणणं सोडलं. दुसरी म्हणजे, प्रत्येक अनुमानाला आम्ही वजन द्यायला लागलो: ठाम, संभाव्य, शक्य. हे सोडून दुसरं काही म्हणताच येत नाही, ते ठाम. बऱ्याच खुणा याच बाजूला झुकतात, ते संभाव्य. उतारा अडवत नाही, पण पाठीशीही उभा राहत नाही, ते शक्य. आपल्याला येताना ऐकू यायला नको असं मुलाला वाटत होतं, हे वर्गाने जवळजवळ ठाम धरलं. आईचा राग आणि आईचं रडणं दोन्ही संभाव्य ठरलं. 'वडील गावाला गेले आहेत' हे शक्य.

सगळंच चालतं का?

वजन द्यायला लागल्यावर वर्ग दुसऱ्या टोकाला गेला. "बाई, आता काहीही लिहिलं तरी चालतं ना?" हा प्रश्न प्रामाणिक होता. बाईंच्या मनातलं उत्तर ओळखण्यातून सुटलेल्या मुलांना आता कुठलंही मत दुसऱ्या मताइतकंच खरं वाटू लागलं.

तेव्हा मी काम उलटं केलं. आपल्या अंदाजाला आधार देणारी ओळ सगळे शोधतात. मी शेजाऱ्याच्या अंदाजाला पाडणारी ओळ शोधायला सांगितली. 'मुलगा चोर आहे' या अंदाजाला बूट आणि हळूच लोटलेलं दार दोन्ही आधार देतात. तो कुठल्या ओळीवर पडतो? 'त्याचं ताट'. 'त्याचं' या एका शब्दावर. तो शब्द सापडला तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो मी विसरलेले नाही. दोन अंदाजांपैकी एकालाच आधार देणारी खूण ही दोघांनाही आधार देणाऱ्या खुणेपेक्षा जास्त मोलाची असते, हे मुलांनी तिथे पकडलं.

हीच गोष्ट त्यांनी प्रयोगशाळेत नेली. एका मुलीने विज्ञानाच्या सरांना विचारलं, "निवळी दुधाळ करणारा दुसरा वायू आहे का?" आहे. सल्फर डायऑक्साइडही चुन्याची निवळी दुधाळ करतो. त्याला झोंबणारा उग्र वास असतो आणि कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. म्हणजे दोन वायूंमधला फरक निवळीने कळत नाही, तो कळायला दुसरी खूण लागते. सरांनी हे मला शिक्षकखोलीत येऊन सांगितलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मला न दिसलेली अडचण

पाचव्या आठवड्यात मी बुद्धिबळाच्या डावाचा उतारा दिला. शेवटची वाक्यं अशी होती: 'तिने हात पुढे नेला, मागे घेतला. घड्याळाकडे पाहिलं. मग बोटाने राजाला हलकेच आडवं केलं आणि हसून हात पुढे केला.' प्रश्न: काय झालं?

चांगलं काम करणाऱ्या काही मुलांनी 'ती जिंकली' असं लिहिलं. सहसा माणूस जिंकल्यावर हसतो. साचा बरोबर, दिशा बरोबर, उत्तर चूक. आपला राजा आडवा करणं म्हणजे हार मान्य करणं, हे बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांनाच माहीत होतं. मागे पडणाऱ्या गटातला एक खेळाडू मुलगा इथे सगळ्यांच्या पुढे गेला.

मी त्या मुलांच्या वहीत 'पुन्हा विचार करा' लिहिलं होतं. पुन्हा विचार करून त्यांना काय सापडणार होतं? जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ साली एका प्रयोगात लोकांना एक परिच्छेद दिला. कपडे धुण्याविषयी आहे हे आधी सांगितलं तर तो सहज समजे, न सांगितलं तर शब्द सोपे असूनही काही कळत नसे. 'सहसा' भरायला जगाची माहिती लागते. ती नसेल तर मूल अनुमानात कमी पडलं असं म्हणणं अन्याय आहे. त्यानंतर मी उतारा देण्याआधी दोन मिनिटं विचारून घ्यायला लागले की हा प्रसंग कोणाला अनोळखी आहे का. बुद्धिबळाचा उतारा मी त्याच आठवड्यात, खेळाची माहिती देऊन, पुन्हा दिला.

निष्पन्न

सहाव्या आठवड्यात मी १८५४ मधल्या लंडनच्या कॉलराच्या साथीवर माहितीपर मजकूर लिहून दिला. सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती माणसं मरत होती. त्या साथीत ६०० हून जास्त लोक गेले. घाणेरड्या हवेने रोग पसरतो, असं बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरचा संशय पाण्यावर होता. मजकुरात मी निष्कर्ष लिहिला नाही, खुणा तेवढ्या ठेवल्या. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसं होती, त्यांपैकी ५ दगावली, आणि तिथे स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या मद्याच्या कारखान्यात ७० हून जास्त कामगार होते आणि त्यांच्यातला कोणी मेला नाही. लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई मात्र गेली. तिला याच पंपाचं पाणी आवडायचं, म्हणून ते रोज मागवून घ्यायची.

गटांनी दोन्ही अंदाज समोरासमोर ठेवले. पंपाजवळ जास्त मृत्यू झाले ही खूण दोन्हींना चालते, हे त्यांनी आपणहून बाजूला काढलं, कारण त्या भागातली हवाही एकच होती. मग मुलं आश्रयगृहावर आली. तिथे हवा तीच, पाणी वेगळं. हॅम्पस्टेडच्या बाईबाबत हवा वेगळी, पाणी तेच. या दोन खुणा एका मुलाने एकाखाली एक लिहिल्या आणि नुसती त्यांच्याकडे बोट दाखवत राहिला. तो 'आई रडत असेल' म्हणणारा मुलगा होता.

बाकीचं निष्पन्न संमिश्र आहे. बहुतेक मुलांच्या उत्तरात आता ओळ आणि अंदाज यांच्यात दुवा दिसतो. काहींनी साचा सोडून स्वतःच्या वाक्यात तो लिहायला सुरुवात केली. थोडी मुलं अजून पहिल्या सापडलेल्या ओळीवर थांबतात. सत्रपरीक्षेत अनुमानाच्या प्रश्नाला एकच गुण होता आणि दुसऱ्या शिक्षकांनी तपासताना लांब उत्तर आणि डकवलेली ओळ दोघांनाही तो दिला. दोन मुली तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या सत्रासाठी मी तो प्रश्न तीन गुणांचा करण्याचा प्रस्ताव दिला. त्यावर निर्णय झालेला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

साच्याचे पहिले दोन आठवडे मी वाचवले असते. 'सहसा'ची जागा पहिल्या दिवसापासून ठेवली असती आणि तीही लिहिण्याआधी बोलण्यात. चर्चेची माझी धास्ती अर्धीच खरी ठरली. जोडीत बोलून मग लिहिलं तर गप्प मुलंही बोलतात. सगळ्या वर्गापुढे बोलायला लावलं तर मात्र तीच पाचसहा मुलं पुढे येतात.

उतारा मी स्वतः लिहिला होता, हा फायदा आणि तोटा दोन्ही. लहान, हवा तसा, पण उत्तर माझ्या डोक्यात आधीच बसलेलं. आता नवा उतारा वर्गात नेण्याआधी तो मी एका सहकाऱ्याला देते आणि त्यांना काय वाटतं ते लिहून मागते. आमची उत्तरं वेगळी निघाली तर तो उतारा चांगला.

सुरुवातीच्या वह्या मुलांना परत दिल्या, नक्कल ठेवली नाही. सहा आठवड्यांनी त्यांना त्यांचंच पहिलं उत्तर दाखवून 'आता याला काय म्हणाल?' असं विचारायचं होतं. निम्म्या मुलांची पानं सापडली नाहीत.

साच्याची कुबडी कधी काढायची, हेही मी आधी ठरवायला हवं होतं. ज्यांना गरज उरली नव्हती त्यांनाही मी तपासणं सोपं जावं म्हणून तो भरायला लावत राहिले. त्यांचं लेखन त्याने कोरडं झालं.

आणि स्नोच्या मजकुरातला एक प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात अजून आहे. साथ ३१ ऑगस्टला भडकली, पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला, त्यानंतर साथ थांबली. मजकुरात हेही होतं की त्याआधीच पुष्कळ लोक तो भाग सोडून गेले होते आणि रोगी कमी होऊ लागले होते. तास संपताना एका मुलीने विचारलं, "मग दांडा काढल्यामुळे साथ थांबली, हे ठाम की संभाव्य?" एकाने ओरडून 'ठाम' म्हटलं. तिने त्याच्याकडे वळून विचारलं, "कुठल्या ओळीवरून?"